‘डीएलएल मिसिंग’ आलं? फाईलला हात लावण्याआधी हे वाचा

पीक विम्याचे फॉर्म चालू झाले की आमच्या दुकानातला फोन खाली ठेवायची सोय नसते. मागच्या हंगामात असाच एक फोन औशाच्या पलीकडच्या एका गावातल्या सेवा केंद्रातून आला. "दादा, मशीन चालूच होईना गेलंय. काल एक डीएलएल मिसिंग म्हणत होतं. नेटवरून घेतली, सिस्टिम३२ मध्ये टाकायलो तर टाकू देईना. मग व्हिडिओ बघून परमिशन काढली अन् टाकली. रात्री बंद केलं, सकाळपासून निळा पडदा." मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. सातबारा, पासबुक घेऊन लोक बसलेले, आणि यांचं एकुलतं एक मशीन झोपलेलं. (डीएलएल म्हणजे प्रोग्रामना चालायला लागणारी मदतीची फाईल, आणि सिस्टिम३२ म्हणजे विंडोजच्या अशा फाईलींचं फोल्डर.)

त्या पोरानं एक नाही, ओळीनं चार चुका केल्या होत्या. त्या चारही मी स्वतः कधी ना कधी केलेल्या आहेत, त्यामुळं त्याला बोलायला तोंड नव्हतं. लातुरात बसून अशा फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. मशीन विंडोज १० किंवा ११ चं आणि तुमचं स्वतःचं आहे असं धरलंय. ऑफिसचं किंवा कुणाच्या मालकीचं असेल तर आधी त्यांना विचारा.

कमांड, म्हणजे टाईप करून मशीनला द्यायचे हुकूम, मी देवनागरीत लिहिल्यात, फोनवर सांगतो तशा. टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे. तिरक्या रेघा दोन असतात, त्या सांभाळा: '/' म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, आणि '\' म्हणजे एंटरच्या वरची. पहिली कमांडच्या सूचनांसाठी, दुसरी फोल्डरच्या वाटेसाठी. '/' च्या आधी एक स्पेस, नंतर स्पेस नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कमांड कॉपी करून चिकटवू नका. छोटी आडवी रेघ लांब होऊन येते आणि मग "काही चालतच नाही" म्हणून परत फोन.

कुलूप कशाला लावलंय

विंडोज ९८ च्या काळात कुठलाही नवा प्रोग्राम टाकला की तो आपली डीएलएल सिस्टिमच्या फोल्डरात, आधीच्या फाईलीवरच टाकून मोकळा व्हायचा. नवा गेम चालायचा, जुना हिशोबाचा प्रोग्राम बसायचा. विंडोज २००० पासून यावर पहारा आला. कुणी सिस्टिम फाईल बदलली की विंडोज गुपचूप ‘डीएलएलकॅश’ नावाच्या फोल्डरातून मूळ प्रत परत आणून ठेवायचं. एक्सपी वापरलेल्यांना तो निरोप आठवत असेल, फाईली बदलल्या गेल्यात, विंडोजची सीडी घाला म्हणून. नेट कॅफेत ती सीडी कुणाकडंच नसायची.

व्हिस्टापासून पद्धत बदलली. आता फाईल बदलल्यावर परत आणण्याऐवजी बदलूच द्यायची नाही. त्यासाठी सिस्टिम फाईलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या एका अंतर्गत खात्याकडं दिली. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी तुम्हाला त्या फक्त वाचता आणि चालवता येतात.

हे आपल्याकडं समजायला सोपं आहे. जमीन तुमची, सातबारा तुमच्या नावाचा, पण म्हणून त्यावर आपल्या पेनानं खाडाखोड करता येत नाही. फेरफार तलाठ्याकडूनच व्हावा लागतो. ट्रस्टेडइन्स्टॉलर म्हणजे विंडोजचा तलाठी. आणि ‘विनएसएक्सएस’ नावाचं जे भलं मोठं फोल्डर विंडोजच्या आत दिसतं, ती त्याची रेकॉर्ड रूम. जागा खातंय म्हणून ते हातानं डिलीट करणारे महाभागही मी बघितलेत. करू नका. सगळ्या दुरुस्तीचा कच्चा माल तिथंच असतो.

म्हणून सिस्टिम फाईल बदलायची नसते, विंडोजकडून बदलून घ्यायची असते. हातानं बदलायची पाळी फार क्वचित येते. ती कशी निभवायची तेही पुढं सांगतो, पण आधी सरळ रस्ता.

फाईल नेमकी कुणाची?

डीएलएलचं नाव दिसलं की ती विंडोजचीच असं नाही. निरोपाचा मोबाईलवर फोटो काढा आणि नाव नीट वाचा.

‘व्हीसीरनटाइम१४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी१४०’ असं काही असेल तर ती विंडोजच्या कुलपातली फाईलच नव्हे. ती मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या पॅकेजमधून येते. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून ते पॅकेज उतरवा, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही बसवा, मशीन रीस्टार्ट करा. औशाच्या पोराची फाईल हीच होती. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी त्यानं सिस्टिम३२ चं दार फोडलं.

बोटाचा ठसा घेणारं यंत्र, प्रिंटर, स्कॅनर लावल्यावरच निरोप येत असेल तर ती ड्रायव्हरची फाईल असणार. जुना ड्रायव्हर काढून, यंत्राच्या कंपनीच्या साईटवरचा नवा टाका.

फॉन्टचंही असंच. विंडोज १० टाकल्यावर जुन्या मराठी फाईलीत ‘मंगल’ दिसत नाही म्हणून लोक कुठल्या तरी साईटवरून मंगल उतरवतात. विंडोज ८ पासून मराठीसाठी ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट येतो, आणि विंडोज १० मध्ये मंगल ऐच्छिक करून ठेवलाय. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, ‘ॲड’ दाबा आणि ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ निवडा. कोकिळा, उत्साह, अपराजिता हेही सोबत येतात. पैसा लागत नाही, व्हायरस येत नाही.

हे तिन्ही प्रकार बाजूला काढले तर खऱ्या सिस्टिम फाईलचं काम थोडंच उरतं. फाईल जागेवर असेल तर तिच्यावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’ म्हणून ट्रस्टेडइन्स्टॉलर दिसला की समजा, कुलपातली फाईल. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ ही टॅब दिसली नाही म्हणून फाईल खोटी ठरवू नका. विंडोजच्या पुष्कळ फाईलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते, फाईलीत नसते.

डीएलएल फुकट वाटणाऱ्या साईटवरून फाईल कधीही घेऊ नका. तिची आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळेल याचा भरवसा नाही आणि आत काय भरलंय ते कळायला मार्ग नाही.

हात लावण्याआधी

सगळ्यात आधी लाईटचा बंदोबस्त. आपल्याकडं सिस्टिम फाईली बिघडण्याचं मोठं कारण व्हायरस नसून अपडेट चालू असताना गेलेली लाईट आहे. दुरुस्ती करताना तेच झालं तर दुष्काळात तेरावा महिना. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किती वेळ टिकतो ते आधी बघा. दोन मिनिटांत शिट्ट्या मारणारा यूपीएस असेल तर लाईट टिकण्याची खात्री असते अशी वेळ निवडा. लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा.

मग डेटा. कागदपत्रं, फोटो, हिशोब, डाउनलोडमधल्या पावत्या, सगळं बाहेरच्या डिस्कवर. डेस्कटॉपवर ठेवलेलं विसरू नका, लोकांचा अर्धा संसार तिथंच असतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते: बिटलॉकरची चावी. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये बिटलॉकरनं डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये अशी, केलेली असते. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा डोळ्यांसमोर असून हाताला लागत नाही. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. उपाय एक फाईल उडवण्याइतका साधा होता, पण चावी हाताशी नसल्यानं कितीतरी ठिकाणी काम रेंगाळलं. मशीन चालू आहे तोवरच चावी काढून ठेवा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, आणि

मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:

‘न्यूमेरिकल पासवर्ड’ खाली जो लांबलचक आकडा येतो तो वहीत उतरवा. वहीतच, त्याच मशीनवरच्या नोटपॅडमध्ये नको. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेलं असेल तर बहुधा त्या खात्यातही चावी जपलेली असते.

शेवटी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागं नेता येईल अशी खूण. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हसमोर ‘ऑफ’ दिसलं, आणि ते अनेकदा दिसतं, तर ‘कॉन्फिगर’ मधून चालू करा, मग ‘क्रिएट’ दाबा. नाव द्या, तारीख घाला.

डिस्कच मेली असेल तर?

ही पायरी गाळून मी एकदा एका माणसाचं नुकसान केलंय. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि मी तिच्यावर तासभर दुरुस्ती चालवत बसलो. फाईली दुरुस्त होत होत्या, दुसरीकडं नव्या बिघडत होत्या. संध्याकाळी डिस्क दिसेनाशी झाली. त्यात त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते.

पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘गेट-फिजिकलडिस्क’ टाका. ‘हेल्थस्टेटस’ खाली ‘हेल्दी’ यायला हवं. दुसरं काही आलं, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर इथंच थांबा. डेटा काढा आणि डिस्क बदला. हेल्दी असेल तर सीएमडीत ‘चेकडिस्क सी: /स्कॅन’ (सी एच के डी एस के असं लिहायचं). चुका निघाल्या तर ‘चेकडिस्क सी: /एफ’, वाय दाबा, मशीन रीस्टार्ट करा.

दुरुस्त केलेल्या फाईली आठवड्यात पुन्हा बिघडत असतील तर संशय रॅमवर घ्या. ‘एमडीशेड’ (एम डी एस सी एच ई डी) ही कमांड रॅम तपासते.

दोन कमांड, आणि त्यांचा क्रम

बहुतेकांना एसएफसी ही सिस्टिम फाईली तपासणारी कमांड माहीत असते, आणि ती "काही कामाची नाही" असंही तेच सांगतात. कारण क्रम उलटा घेतात.

एसएफसी प्रत्येक संरक्षित फाईल तपासते आणि बिघडलेली दिसली की रेकॉर्ड रूममधून, म्हणजे विनएसएक्सएसमधून, चांगली प्रत आणते. पण गंमत अशी की सिस्टिम३२ मधल्या बऱ्याचशा फाईली आणि रेकॉर्ड रूममधल्या त्यांच्या प्रती या डिस्कवर वेगळ्या वस्तू नसतातच. एकाच वस्तूला दोन ठिकाणी नाव लावलेलं असतं, त्याला हार्ड लिंक म्हणतात. एकाच कागदाची नोंद दोन रजिस्टरांत. कागदालाच वाळवी लागली तर कुठलंही रजिस्टर उघडा, हाती भुसाच येणार. अशा वेळी एसएफसी म्हणते, बिघाड सापडला पण नीट करता आला नाही.

म्हणून आधी रेकॉर्ड रूम दुरुस्त करायची. ते काम डीआयएसएम या दुसऱ्या कमांडचं, ती चांगले तुकडे मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवरून आणते. सीएमडी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

‘रिस्टोअरहेल्थ’ सलग एक शब्द. नेट चालू हवं. मोबाईलचा हॉटस्पॉट चालेल, फक्त मध्येच फोन घेऊन शेतात जाऊ नका. टक्केवारी साठ-बासष्टच्या आसपास बराच वेळ खिळल्यासारखी दिसते. अडकलेलं नसतं, चालू असतं. अर्धा तासही लागतो, जुन्या हार्ड डिस्कला त्याहून जास्त. चहा पिऊन या.

‘द ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’ आलं की मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा तीच काळी खिडकी:

एसएफसी /स्कॅननाऊ

इथंही ‘स्कॅननाऊ’ सलग. १०० टक्क्यांपर्यंत खिडकी बंद करू नका.

निरोप चार प्रकारचे येतात. ‘डिड नॉट फाइंड एनी इंटिग्रिटी व्हायोलेशन्स’ म्हणजे सिस्टिम फाईली ठीक आहेत, दुखणं दुसरीकडं आहे. ‘सक्सेसफुली रिपेअर्ड’ म्हणजे झालं, रीस्टार्ट करून बघा. ‘अनएबल टू फिक्स सम ऑफ देम’ म्हणजे काही उरल्या. एसएफसी अजून एक-दोनदा चालवा, दुसऱ्या फेरीत काम झालेलं मी अनेकदा पाहिलंय. ‘कुड नॉट परफॉर्म द रिक्वेस्टेड ऑपरेशन’ आलं तर सेफ मोडमध्ये जाऊन चालवा.

नेट नसेल किंवा डीआयएसएमला बाहेरून माल मिळेना तर विंडोजची आयएसओ फाईल, म्हणजे विंडोजच्या सीडीची एकाच फाईलीतली प्रत, वापरता येते. ‘विनव्हर’ टाकून आपली आवृत्ती आणि बिल्ड बघा, तीच आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून कुठंतरी चांगल्या नेटवर उतरवून आणा. आयएसओवर डबल क्लिक केलं की ती एक नवी ड्राइव्ह म्हणून दिसते, समजा ई. तिच्या ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘इन्स्टॉल.विम’ किंवा ‘इन्स्टॉल.ईएसडी’ असेल. आत होम, प्रो असे अनेक नमुने नंबर लावून ठेवलेले असतात. आपला नंबर कोणता ते असं कळतं:

डीआयएसएम /गेट-विमइन्फो /विमफाईल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम

मग, नंबर ६ निघाला असं धरून:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:विम:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.विम:६ /लिमिटअ‍ॅक्सेस

ईएसडी असेल तर पहिल्या कमांडमध्ये फक्त फाईलचं नाव बदला, आणि या कमांडमध्ये ‘विम’ आहे तिथं दोन्हीकडं ‘ईएसडी’ लिहा.

एक कडू गोष्ट. "लाईट विंडोज", "गेमिंग विंडोज" म्हणून पेनड्राइव्हवर फिरणाऱ्या आवृत्त्या जर कुणी टाकून दिल्या असतील, तर या दोन्ही कमांड बहुधा हात वर करतील. अशा आवृत्त्यांत जागा वाचवायला रेकॉर्ड रूमच रिकामी केलेली असते. सुरुवातीच्या काळात मीही त्या टाकून दिल्यात, झटपट चालतात म्हणून गिऱ्हाईक खूश व्हायचं. वर्षभरानं तीच मशीन परत यायची, आणि दुरुस्तीला आत काही सापडायचं नाही.

हातानं बदलायची वेळ आलीच तर

डीआयएसएम फसली, आयएसओ मिळत नाही, आणि एसएफसी कुठल्यातरी एकाच फाईलीवर अडलीय. अशा वेळीच हा रस्ता. कुठली फाईल ते कळायला सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस या फोल्डरातली ‘सीबीएस’ नावाची लॉग फाईल डेस्कटॉपवर कॉपी करा, नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘कॅनॉट रिपेअर’ शोधा. त्याच ओळीत फाईलचं नाव असतं.

चांगली प्रत दुसऱ्या चालू मशीनवरून आणायची, पण ‘विनव्हर’मधली आवृत्ती आणि बिल्ड दोन्ही मशीनवर आकडा न आकडा जुळली तरच. इथं एक नेहमीचा घोळ: ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाईली असतात, आणि ३२ बिटच्या फाईली ‘सिसवॉव६४’ नावाच्या फोल्डरात. नावं उलटी वाटतात, पण आहे हे असंच. ज्या फोल्डरातली बिघडली त्याच फोल्डरातली आणा. शक्य असेल तर दोन मशीनवर ‘सर्टयुटिल -हॅशफाईल’, पुढं फाईलची वाट आणि ‘एसएचए२५६’ टाकून निघणारा लांब आकडा ताडून बघा. जुळला तर प्रत शुद्ध. पेनड्राइव्हवरून आणल्यावर पुन्हा एकदा ताडा, जुनाट पेनड्राइव्ह वाटेतच फाईल खातात.

समजा फाईलचं नाव ‘नमुना.डीएलएल’ आहे, चांगली प्रत पेनड्राइव्हवर, म्हणजे एफ ड्राइव्हवर आहे, आणि सी ड्राइव्हवर तुम्ही ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर केलंय. आधी फाईलीवर सध्या कुणाचे कोणते हक्क आहेत ते लिहून ठेवायचे. ‘आयकॅकल्स’ म्हणजे आय सी ए सी एल एस:

आयकॅकल्स सी:\विंडोज\सिस्टिम३२\नमुना.डीएलएल /सेव्ह सी:\बॅकअप\हक्क.टीएक्सटी

मग मालकी घ्या आणि हक्क द्या, फक्त त्या एका फाईलीपुरता (‘टेकओन’ म्हणजे टी ए के ई ओ डब्ल्यू एन):

टेकओन /एफ सी:\विंडोज\सिस्टिम३२\नमुना.डीएलएल /ए
आयकॅकल्स सी:\विंडोज\सिस्टिम३२\नमुना.डीएलएल /ग्रँट ॲडमिनिस्ट्रेटर्स:एफ

इथं कधीही ‘/आर’ लावू नका आणि कधीही अख्ख्या सिस्टिम३२ वर हे चालवू नका. "एकदाच सगळ्याची मालकी घेऊन टाकू" म्हणून मी एका मशीनवर तसं केलं होतं. त्या दिवशी सगळं छान चाललं. पुढं अपडेट बसेनात, मग स्टोअर उघडेना, शेवटी सगळं पुसून नव्यानं टाकावं लागलं.

आता जुनी फाईल. तिच्यावर नवी पेस्ट करू नका. वर हार्ड लिंकचं सांगितलं ना, जुन्यावर लिहिलं की रेकॉर्ड रूममधली नोंदही त्याच क्षणी बदलते. आधी जुनीचं नाव बदला, म्हणजे परतीची वाट राहते:

रेन सी:\विंडोज\सिस्टिम३२\नमुना.डीएलएल नमुना.ओल्ड
कॉपी एफ:\नमुना.डीएलएल सी:\विंडोज\सिस्टिम३२\

फाईल वापरात आहे म्हणून नाव बदलू दिलं नाही तर हट्ट करू नका, ते काम खाली सांगितलेल्या दुरुस्तीच्या पडद्यावरून होतं.

आणि लोक हमखास विसरतात ती पायरी: तलाठ्याचं दप्तर तलाठ्याला परत. आधी मालकी, मग हक्क, याच क्रमानं:

आयकॅकल्स सी:\विंडोज\सिस्टिम३२\नमुना.डीएलएल /सेटओनर "एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर"
आयकॅकल्स सी:\विंडोज\सिस्टिम३२ /रिस्टोअर सी:\बॅकअप\हक्क.टीएक्सटी

दुसऱ्या कमांडमध्ये फाईलचं नाव नाही, फोल्डरचंच आहे, ते बरोबर आहे. ‘एनटी’ आणि ‘सर्व्हिस’ मध्ये स्पेस आहे, म्हणून अवतरण चिन्हं. ही पायरी गाळली तर फाईल ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्कानं उघडी पडते, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चाललेला कुठलाही फालतू प्रोग्राम तिच्यावर सहज लिहू शकतो. शेवटी ‘एसएफसी /व्हेरिफायफाईल=’ पुढं स्पेस न देता पूर्ण वाट लिहून तपासा. ‘ओल्ड’ फाईल आठवडाभर राहू द्या.

मशीन चालूच होत नसेल तर

लॉगिनचा पडदा येत असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. तोही येत नसेल तर विंडोज चालू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून बंद करा, असं लागोपाठ दोन-तीनदा. त्यानंतर ते आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ मधून शेवटचं अपडेट काढा. मग ‘सिस्टिम रिस्टोअर’. औशाचं मशीन इथंच जागं झालं, नशिबानं एक जुना पॉइंट शिल्लक होता.

यानंही नाही झालं तर तिथलीच ‘कमांड प्रॉम्प्ट’. बिटलॉकरची चावी मागितली जाते ती इथं. सावध राहा, या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमची सी इथं डी म्हणून दिसेल. ‘डीआयआर सी:’, ‘डीआयआर डी:’ करत विंडोज आणि युजर्स ही फोल्डरं कुठं दिसतात ते बघा. डी निघाली तर:

एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडीर=डी:\ /ऑफविनडीर=डी:\विंडोज

‘डीर’ म्हणजे डी आय आर. जुन्या ‘ओल्ड’ फाईलीचं नाव परत पहिल्यासारखं करायचं असेल तर तेही इथूनच, ‘रेन’नं.

सगळं करून थकलात तर

फॉरमॅट करायची घाई नको. विंडोज चालू होत असेल तर विंडोजवर विंडोज टाकता येतं, डेटा आणि प्रोग्राम जागेवर ठेवून. आयएसओ उघडा, आतला ‘सेटअप’ चालवा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडलेलं आहे याची खात्री करा. तो पर्याय राखाडी दिसत असेल तर आवृत्ती किंवा भाषा जुळत नाहीय, पुढं जाऊ नका. सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी ठेवा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत आयएसओही लागत नाही, ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ मध्ये विंडोज अपडेटमधूनच पुन्हा बसवायचं ‘रीइन्स्टॉल नाऊ’ हे बटण आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा एवढा खटाटोप करतच असाल आणि मशीनला झेपत असेल तर ११ चा विचार याच वेळी करा.

एवढ्यानंही जमलं नाही आणि मशीन कुणाकडं दुरुस्तीला न्यायचं ठरलं, तर निरोपाचा फोटो, ‘विनव्हर’चा फोटो, सीबीएसची लॉग फाईल आणि बिटलॉकरची चावी लिहिलेलं वहीचं पान सोबत घ्या. आणि लॅपटॉप असेल तर चार्जर. निलंग्याहून, उदगीरहून एसटीनं येतात आणि चार्जर घरी राहिला म्हणतात.